रशीदाआपांचे हात

दुसऱ्या कुणाला शिवायला बसवलं की रशीदाआपा स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवत. बिबवेवाडीतल्या त्यांच्या खोलीत चार मशिनं चालायची आणि आपा मधोमध सतरंजीवर तशा बसलेल्या. "मोकळे राहिले की वळवळतात मेले," म्हणायच्या.

मी त्यांच्याकडेच शिकले. नव्या मुलीनं शिवलेला पहिला कुर्ता आपा गिऱ्हाइकाला न देता स्वतः घालायच्या, तोही ईदला. माझ्या कुर्त्याचा डावा खांदा चांगला बोटभर उतरला होता. तो घालून त्या गल्लीभर शिरखुर्मा वाटून आल्या. मी लाजेनं अर्धी झाले. "खांदा कुणी बघितला नाही. शेवया जास्त शिजल्यात, एवढं मात्र तिघींनी सांगितलं," आपा म्हणाल्या.

पुढे मी विश्रांतवाडीत घरीच ब्लाउज शिवायला घेतले. काम वाढलं, तशी शेजारची मंगल मदतीला आली. तिचा हात चांगला होता, पण ती घरी गेली की तिची शिलाई उसवून मी पुन्हा घालायचे. लग्नसराईत एका घरचे चौदा ब्लाउज आले आणि त्याच आठवड्यात मंगल विसरलेली पिशवी न्यायला परत आली. माझ्या हातात ब्लेड होतं, मांडीवर तिनं शिवलेला ब्लाउज. पिशवी उचलून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

मी आपांकडे जाऊन रडले. त्यांनी रडू दिलं, मग विचारलं, "तिच्या शिलाईवरून गिऱ्हाईक परत आलं होतं का?"

"नाही."

"मग कुणासाठी उसवत होतीस?"

मी पदरानं डोळे पुसले.

"जा, तिच्याकडून तुझा ब्लाउज शिवून घे. आणि घालून हिंड."

मंगलच्या दारात उभं राहून मी माफी मागितली आणि कापड पुढे केलं. "तुमचा का? बरंय, उसवायला घरचाच," ती म्हणाली. पण कापड तिनं घेतलं. चौदा ब्लाउज आम्ही वेळेत दिले. तिचे सात मी उलटूनसुद्धा पाहिले नाहीत; कशी राहिले ते माझं मला ठाऊक. आज आम्ही सहाजणी आहोत.

आपांना शेवटचं भेटायला गेले तेव्हा मी मंगलनं शिवलेला तोच ब्लाउज घातला होता. आपा भिंतीला टेकून बसल्या होत्या, बोलताना दम लागत होता. ब्लाउजचा गळा एका बाजूला किंचित ओढला जातो, हे त्यांनी मी बसायच्या आत हेरलं. त्यांचा हात माझ्या गळ्यापर्यंत आला, थांबला. मग सावकाश त्यांनी तो परत मांडीखाली घातला.

"छान बसलाय," म्हणाल्या.