हितेंद्रसाठी प्रार्थना

दौलतराव रणपिसे माफीवर फार झकास बोलायचे. लालबागच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी त्यांची मंडळी भरते. दोन-अडीचशे माणसं, सगळी मराठी ख्रिस्ती, बापजाद्यांपासून गिरणगावातली. गिरणी बंद पडली आणि दौलतराव मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू झाले, त्याला आता तीस वर्षं होतील. भांडलेले भाऊ त्यांनी एका पंगतीला बसवले, रुसून गेलेल्या सुना समजूत घालून परत आणल्या. पण एका माणसाला त्यांनी स्वतः माफ केलं नाही ते नाहीच केलं. आणि का करावं हो? कोणी केलं असतं?

हितेंद्र चिंदरकर त्या माणसाचं नाव. दौलतरावांच्याच चाळीतला, खालच्या मजल्यावरचा. दौलतरावांची बायको रखमा चाळीच्या कोपऱ्यातल्या खोलीत बालवाडी चालवायची. हा हितू चार वर्षांचा असताना तिच्याकडेच अ आ गिरवायला शिकला. शेंबूड पुसलाय तिनं त्याचा! मोठा झाला तसा पुढाऱ्यांच्या मागेपुढे फिरायला लागला, आणि तीन वर्षांपूर्वी त्याला पक्षात नाव कमवायचं होतं. मग काय, हाताशी दौलतराव होतेच.

नाताळात रखमा करंज्यांची ताटं चाळभर वाटायची आणि दिवाळीत घराघरातून तिच्याकडे फराळ यायचा. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. त्या नाताळात शेजारच्या सुंदराबाईंचे गुडघे धरले होते. ताट द्यायला दौलतराव गेले तेव्हा त्याच म्हणाल्या, "काका, दोन मिनिटं तुमच्या देवाला सांगा की माझं." त्यांनी डोळे मिटून सांगितलं. हितेंद्रच्या मागे फिरणाऱ्या पोरांनी दारातून फोटो काढला आणि पोलिसांत तक्रार गेली. तक्रारीत लिहिलं होतं, 'खाद्यपदार्थांचे आमिष दाखवून धर्मांतराचा प्रयत्न.' करंजीचं आमिष! आता बोला! खाली सही हितेंद्रची.

दोन दिवस पोलीस ठाण्यात चौकशी झाली, काही निघालं नाही, दौलतराव घरी आले. पण तोवर नाक्यावर त्यांचा फोटो आणि वर 'सावधान' असा फलक लागला होता. बालवाडीतली पोरं एकेक करून यायची बंद झाली. रखमा रोज सकाळी खोली झाडायची, फळ्यावर तारीख लिहायची आणि दारात बसून राहायची. सुंदराबाईसुद्धा तिला बघून तोंड फिरवायच्या, घाबरल्या होत्या बिचाऱ्या. गणपती झाले आणि रखमा गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. दौलतरावांनी मान हलवली, पण कारण त्यांना ठाऊक होतं. तिला मातीत ठेवलं तेव्हा चाळीतलं एकही माणूस आलं नव्हतं.

त्या दिवसापासून दौलतराव वाट बघत होते. देवानं त्याचा हिशोब करावा असं ते आधी म्हणायचे. पुढे पुढे म्हणायला लागले की देवा, तू राहू दे, मला एकदा संधी दे.

आणि संधी चालत आली! यंदा पालिकेच्या निवडणुकीला जुन्या पक्षानं हितेंद्रला तिकीट नाकारलं. लगेच उडी मारून पठ्ठ्या दुसऱ्या पक्षात. तिथे ख्रिस्ती मतं हवी होती. मंडळीचा सचिव गौतम धावत दौलतरावांकडे आला.

"पाळकसाहेब, हितेंद्रभाऊ रविवारी आशीर्वाद घ्यायला येतायत. निवडून आले तर मंडळीला स्वतःची जागा मिळवून देतो म्हणाले. जुनं सोडा ना आता."

"येऊ दे," दौलतराव म्हणाले. "डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो त्याच्यासाठी."

मतदानाच्या आधीचा रविवार. हितेंद्र पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला, गळ्यात नव्या पक्षाचा पट्टा. त्याच्या पोरांनी मोबाइल वर धरले, सगळ्या वॉर्डाला लाइव्ह दाखवायचं होतं ना! तो गुडघे टेकून वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, बाई असत्या तर खूश झाल्या असत्या."

दौलतरावांच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. मंडळीनं डोळे मिटले. प्रार्थना सुरू झाली की मध्ये कोणी बोलत नाही, उठत नाही. ही शिस्त दौलतरावांनीच तीस वर्षं लावली होती.

"हे प्रभू, हितेंद्र तुझ्यापुढे आहे. याचा हात धरून माझ्या रखमानं अ आ गिरवून घेतलं. त्याच हातानं यानं खोट्या कागदावर सही केली. तिच्या करंजीला यानं आमिष म्हटलं, प्रभू. लहानपणी दोन-दोन खाऊन जायचा, तेव्हा हा बाटला नाही."

हातांखालचं डोकं वर उठायला बघत होतं. दौलतरावांनी दाबून धरलं.

"तिची पोरं यानं तोडली. ती झुरून मेली. तुला माहीत आहे, यालाही माहीत आहे. आज हा मतं मागायला आलाय. याच्या पदरात याच्या करणीचं फळ घाल, रतीभर कमी नको. येशूच्या नावानं मागतो."

"आमेन!" अडीचशे तोंडांतून सवयीनं निघालं. त्यात एक आवाज हितेंद्रचाही होता.

तो व्हिडिओ दुपारपर्यंत सगळ्या चाळींत फिरला. हितेंद्र सत्त्याऐंशी मतांनी पडला. निकालाच्या दिवशी सुंदराबाई दारात येऊन रडल्या. गौतम मात्र धुमसत होता, जागा गेली म्हणून. दौलतराव त्या दिवशी पोटभर जेवले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

महिन्याचा पहिला रविवार आला, प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर वाटून खाण्याचा. भाकर घेण्याआधी ज्यानं त्यानं आपलं मन तपासायचं. कोणाबद्दल वैर असेल तर आधी ते सोडायचं, मगच हात पुढे करायचा. दौलतरावांनी हे नेहमीसारखं समजावून सांगितलं. सगळ्यांना आपल्या हातानं भाकर दिली. शेवटी गौतमनं ताट त्यांच्यापुढे धरलं.

दौलतरावांनी डोळे मिटले. हितेंद्र पुन्हा समोर वाकलेला दिसला. पुन्हा तसंच करशील का, असं त्यांनी स्वतःला विचारलं. आतून उत्तर आलं, हो. आणखी जोरात दाबीन.

ताट पुढ्यात तसंच होतं. सगळी मंडळी बघत होती.

"ने," ते गौतमला म्हणाले. "मला नको."