आठवी खुंटी

आमची पोस्ट उत्तरेला होती, बारमाही बर्फात. नऊ माणसे, फायबरच्या दोन झोपड्या, एक वायरलेस सेट. मी हवालदार होतो. माझ्यावर एक सुभेदार साहेब. माझे गाव शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घर ख्रिस्ती.

परवा धुळ्यात आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या पाळकांनी मला तरुणांसमोर बोलायला उभे केले. विषय होता देवाचे आज्ञापालन. "तुम्ही फौजी माणूस. आज्ञा म्हणजे काय ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?" असे ते म्हणाले. त्यांना शौर्याची गोष्ट हवी होती. मी जे सांगितले, ते असे.

पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारे घेऊन मोर्च्यावर सज्ज. सहाला चहा. त्यानंतर मी पाच मिनिटे डोळे मिटून प्रार्थना करायचो. सातला रूट ओपनिंग. पोस्टपासून खालच्या कॅम्पच्या दिशेने दोर बांधलेला होता आणि तो नऊ लोखंडी खुंट्यांवर तोललेला होता. आम्ही दोघांनी उतरत जायचे, प्रत्येक खुंटी दोन्ही हातांनी ओढून पाहायची, हलली तर पुन्हा ठोकायची. मग कॅम्पला कळवायचे. त्याशिवाय खालून कोणी निघत नसे.

कॅम्पवर लान्स नाईक भगवान होता, दोंडाईचाजवळच्या खेड्यातला. सेटवर आम्ही दोघे अहिराणीत बोलायचो. सुभेदार साहेब म्हणायचे, "तुम्हा दोघांना कोडची गरजच नाही."

त्या सकाळी वारा फार होता. सातव्या खुंटीशी माझ्या जोडीदाराचे पाय बधिर झाले. मी त्याला तिथेच थांबवले आणि एकटा पुढे निघालो. दहा पावलांवर काही दिसेना. आठवी आणि नववी या दोन्ही खुंट्या आदल्या दिवशी पक्क्या होत्या. मी परत फिरलो. सात चाळीसला सेट उघडला.

"रूट क्लियर. ओव्हर."

"पक्कं?" भगवानने विचारले.

"पक्कं. ओव्हर."

माझ्या आईने मला लहानपणी दहा आज्ञा पाठ करायला लावल्या होत्या. खोटे बोलू नको, ही त्यातली मला सगळ्यांत सोपी वाटायची. त्या वेळी ती आठवली, हे मी मंडळीपासून लपवले नाही. आठवली, आणि मी सेट बंद केला.

अकरा दहाला भगवानची चार जणांची पार्टी रॉकेल घेऊन वर येत होती. तो पुढे होता. आठव्या खुंटीवर त्याने भार टाकला आणि खुंटी उपटून आली. बाजूला बर्फाखाली भेग होती. मागच्या तिघांच्या हातून दोर सुटला. भगवान साठ फूट खाली गेला. सेट त्याच्या छातीला बांधलेला होता. वर माझ्या सेटवर त्याचा आवाज आला.

"याकोब, खुंटी निंघनी रे."

मी म्हणालो, "येतोय. बोलत राहा."

"थंडी वाजी ऱ्हायनी."

पुढची वीस मिनिटे तो मधूनमधून बोलला. नंतर नुसती खरखर. आम्ही पोहोचलो, दोर सोडले, खोदले. एक पन्नासला त्याला वर काढले.

चौकशी बसली. आदल्या संध्याकाळी सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतले. "तू नववीपर्यंत गेला होतास. नंतर बर्फ हलला. एवढंच बोल. जोडीदाराला काही दिसलेलं नाही."

"साहेब, मी गेलो नव्हतो."

"मला माहीत आहे. तुला दोन मुली आहेत, याकोब."

ते माझ्या भल्यासाठीच सांगत होते. मी रात्रभर जागा होतो. सकाळी चौकशीत म्हणालो, "आठवीपर्यंत मी गेलोच नाही. खोटं कळवलं." मला शिक्षा झाली, बढती कायमची थांबली. हवालदार म्हणूनच घरी आलो.

इथे मंडळीतला एक तरुण म्हणाला, "म्हणजे शेवटी तुम्ही देवाची आज्ञा पाळलीत, काका."

मी त्याला म्हणालो, नाही. चौकशीत पाळली, तेव्हा भगवान जाऊन बारा दिवस झाले होते. देवाने त्या सकाळी माझ्याकडे जीव मागितला नव्हता, की मोठी साक्ष मागितली नव्हती. दोन खुंट्या ओढून पाहायच्या होत्या, आणि ओढल्या नाहीत तर तसे सांगायचे होते. क्षमा झाली आहे, यावर माझा विश्वास आहे. तरीही दोन्ही मुठी आवळलेल्या असताना मला जाग येते.

रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भगवानच्या गावी गेलो. त्याचे वडील, आबा, ओट्यावर कापसाच्या गोणीला टाका घालत होते. मी उभ्याउभ्याच सगळे सांगून टाकले. आबांनी दाभण खाली ठेवले. त्यांनी मला मारले असते तर बरे झाले असते.

मग त्यांनी विचारले, "मना पोऱ्या काय बोलना? बठ्ठं सांग."

मी सगळे सांगितले. खुंटीचे, थंडीचे, आणि शेवटी त्याने आईला दोनदा हाक मारली तेही. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"तू ऐकी ऱ्हायंता?"

"हो, आबा. ऐकत होतो."

"मंग तो एकला नव्हता," आबा म्हणाले, आणि उठून आत गेले.

पाणी घेऊन भगवानची आई बाहेर आली. तिने तांब्या माझ्यासमोर ठेवला. माझ्याकडे पाहिले नाही.