म्हशीची झोप

भीमेचं पाणी गोठ्यात शिरलं, तेव्हापासून आबा दर सोमवारी माझ्या जनावरांच्या दवाखान्यात येतात. तक्रार एकच: "म्हशीला झोप न्हाई, डॉक्टर. पाणी वाजलं की दचकती."

मी जाऊन पाहिलं. इतकी निरोगी म्हैस तालुक्यात दुसरी नसेल. निवांत रवंथ करत होती. डोळे तारवटले होते ते आबांचे.

शेवटी मी म्हणालो, "दौंडला मनाचे डॉक्टर येतात. तिच्या वतीनं तुम्हीच सांगून या."

"तिला न न्हेता?"

"तिला कुठं बोलता येतंय, आबा?"

हे त्यांना पटलं. पुढच्या सोमवारी धुतलेली टोपी घालून आले आणि टेबलापाशी उभे राहिले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणले, म्हशीला रडू आलं तर आडवू नका."