शेडमामा बोलले तेव्हा

आमच्या रंगाच्या कारखान्यात शेडमामांना कुणी घाई करत नसे. नमुन्याशी रंग जुळला की नाही, हे तेच ठरवत. पुठ्ठ्याच्या पट्टीवर रंगाचा एक हात मारायचा, ती वाळू द्यायची, खिडकीशी धरून बघायची; मधेच राखाडी भिंतीकडे बघून डोळे निववायचे, पुन्हा बघायची. ओली पट्टी ते कुणाला दाखवतच नसत. "ओला रंग फसवतो," म्हणत. मी लेबलांच्या विभागात. माझं तोंड दिवसभर चालू आणि त्यांचं बंद, त्यामुळे आमचं छान जमायचं.

कंपनीने आम्हा बाराजणांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गावाबाहेरच्या विश्रामगृहात पाठवलं. खुर्च्या गोल मांडलेल्या, पांढरे पडदे, बाहेर धुकं. मऊ आवाजाचा प्रशिक्षक म्हणाला, इथे कामाचं बोलायचं नाही, मनात असेल ते समोरच्याच्या तोंडावर बोलायचं. पहिला अर्धा दिवस आम्ही एकमेकांच्या चपला बघत बसलो. मग गोदामवाला आणि मिक्सरवाला, चार वर्षं एकमेकांशी धड न बोललेले, कडाकडा भांडले, रडले आणि गळ्यात पडले. खोटं कशाला बोलू, फायदा मलाही झाला. माझ्या बडबडीमागे एकटं पडायची भीती आहे, असं पॅकिंगवाल्या वहिनींनी तोंडावर सांगितलं आणि मला इतकं हलकं वाटलं की पुढचे दोन दिवस मी जमिनीपासून वीतभर वरून चालत होते. पडदे हलत, कुणीतरी हळू आवाजात रडत असे, घड्याळ कुणाच्याच हातावर नव्हतं. हे असंच चालू राहावं असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मीच शेडमामांच्या मागे लागले.

"मामा, तुम्ही एकटेच कोरडे राहिलात. बोला की मनमोकळं."

बाकीच्यांनीही री ओढली. मामा पडद्याकडे बघत राहिले आणि पडद्यालाच सांगावं तसं बोलले. वीस वर्षांपूर्वी त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं मोठी बहीण, ताई, करायची. एका दुपारी ताई औषध आणायला गेली आणि आईने हाक मारली. चार वेळा. मामा पलीकडच्या खोलीत जागे होते. कंटाळले होते. डोळे मिटून पडून राहिले. ताई परत आली तेव्हा आई गेलेली होती.

"ताईला वाटतं, मी झोपलो होतो," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी त्यांना मिठी मारली. प्रशिक्षकाने सांगितलं, "आजच घरी जाऊन ताईंना सांगा. मोकळे व्हाल." चार वाजता प्रमाणपत्रं वाटून तो पुढच्या कंपनीकडे निघून गेला.

मामांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. ताई भाजी चिरत होती. तिने विळी आडवी केली आणि आत निघून गेली. तेव्हापासून एकाच घरात राहून दोघांत कामापुरतंच बोलणं.

तीन आठवड्यांत दोनदा गिऱ्हाइकाकडून रंग परत आला. मामा ओल्याच पट्ट्या पास करत होते. "वाळायची वाट बघत बसलो की हाक ऐकू येते," ते मला म्हणाले. मिठी मारणारे आम्ही सगळे आता त्यांना बघून वाट बदलत होतो. मी प्रशिक्षकाला फोन केला. "प्रक्रिया चालू आहे," तो म्हणाला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माझ्याही.

सुट्टीच्या दिवशी मामा घरी नसताना मी ताईंकडे गेले.

"ताई, त्यांच्यावरचा राग सोडा. आम्हीच त्यांना बोलायला लावलं."

"राग?" ताईंनी माझ्यासमोर चहा ठेवला. "अगं, मला तेव्हापासून ठाऊक आहे. मी आले तेव्हा त्याचं दार अर्धं उघडं होतं. डोळे मिटलेले, पण पापण्या थरथरत होत्या. आईला बघायच्या आधी मी ते बघितलं. तेव्हाच ठरवलं, याला कळू द्यायचं नाही."

"मग हेच सांगा ना त्यांना."

"काय सांगू? वीस वर्षं रोज तुला चहा देताना मला ठाऊक होतं, हे? मग त्याला तो चहाही खोटा वाटेल. त्याच्याकडे उरलं काय? आता बोलायला तोंड उघडलं की तेच बाहेर पडेल, अशी धास्ती वाटते. म्हणून गप्प बसते." त्यांनी माझा हात धरला. "तूही सांगू नकोस."

चहा संपवून उतरले तर जिन्यात मामा भेटले. हातात पिशवी, डोळे तारवटलेले. मला बघून ते कठड्याला धरून थांबले.

"ताई काही म्हणाली?"

वर्तुळात सगळ्यांत मोठ्या आवाजात मनमोकळं बोला म्हणणारी मी.

"नाही, मामा," मी म्हटलं. "काहीच नाही."

त्यांनी मान हलवली आणि एकेक पायरी चढत ते वर गेले.