गोष्टीची मूठ

टीव्ही-सिनेमाचं वेड आमच्या आंजी मोठी गावात बऱ्याच जणींले आहे, पण तानाबाईसारकं शिव्या देत देत पाहणारं माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात दुसरं नसन. बाप्पा, काय एकेक बोलाची! नव्या सिनेमातला हिरो कुऱ्हाड घेऊन शंभर-दीडशे माणसं तोडते अन् त्याचा भांग मोडत नाई, तं हे म्हणाची, "आमच्या गावात एका बोकडाले चौघं धरतात. याले कोणी धरत कसं नाई?" भुताचा सिनेमा असला का तिचं ठरलेलं, "भूत हमेशा बाईच काऊन असते वं? जितेपणी राबा, अन् मेल्यावर पांढरी साडी नेसून रातपाळी करा."

हे खोड तिले तिच्या नवऱ्यानं लावली. प्रेमदास कापसाच्या जिनिंगमधी कामाले होता, वर्ध्याच्या स्टँडवरून जुन्या रहस्यकथा घेऊन याचा अन् हे भाकरी थापत असली का मोठ्यानं वाचून दाखवाचा. खुनी कोण, ते तव्यावरची भाकर उलटाच्या आत हे सांगून मोकळी. "जो माणूस घडीघडी चहा घेऊन येते अन् लेखक ज्याचं धड नावबी सांगत नाई, तोच." बहुतेक वेळा तोच निघाचा. आता मोबाईलवर ज्या खुनाच्या सिरीज येतात त्याइच्यावर तं तिचा लय राग. "पयल्या भागात पोलीस दारू पेते, दुसऱ्यात त्याची बायको त्याले सोडून जाते, तिसऱ्यात तो पावसात भिजते. अवं, मेलेला माणूस वाट पाहून राह्यला ना तेथी!" असं म्हणाची अन् आमी कापसात हसून हसून वाकून जाओ.

मी जिजाबाई. कापूस वेचाच्या बायांची टोळी मी जमवते. सकाळी ऑटो भरते, ज्याच्या शेतात काम असन तेथी नेते. आमच्या टोळीत एक रीत आहे, माझ्या सासूच्या टायमापासूनची. वेचताना हात चालतात अन् डोकं रिकामं राह्यते, म्हणून एक जण गोष्ट सांगते. सांगणारीचं ध्यान गोष्टीत, तिचे हात मंद पडतात. म्हणून आपली ओळ संपली का हरेक बाईनं आपल्या कमरेच्या ओटीतला एक मूठ कापूस तिच्या ओटीत टाकाचा. गोष्टीची मूठ म्हणतो आमी तिले. मजुरी किलोवर असते, तवा हे मूठ काई फुकाची नाई.

अन् गोष्ट सांगाले तानाबाईच. कारण सांगू? आठ वाजता कोण्या बाईच्या हातात रिमोट असते? नवऱ्याले बातम्या पाह्यजे, नाईतं क्रिकेट. मोबाईल पोट्ट्याच्या हातात. आपण चुलीपाशी. तानाबाईचा प्रेमदास वारला, पोरगा अश्वजित बुटीबोरीच्या कंपनीत, लेकरंबाळं घेऊन तेथीच राह्यते. घरात ते अन् तिचा टीव्ही. तिनं पाहाचं अन् दुसऱ्या दिवशी आमी ऐकाचं.

मागच्या साली तिले चिकनगुनिया झाला. ताप गेला, पण बोटाइचे सांधे सुजले ते सुजलेच. बोंडातून कापूस ओढताना तिचं तोंड वाकडं होते. आता ते मूठ म्हणजे तिले कौतुक नाई राह्यलं, आधार झाला. मुठी नसत्या तं काट्यावर तिच्या गाठोड्याचं वजन दिसलंच नसतं, अन् कमी वेचणाऱ्या बाईले कोणता शेतवाला ऑटोत बसू देते?

तं आठ वाजताची एक सिरीयल होती. त्यातली सून शर्वाणी. आमी तिले शरवानी म्हणो. एमए झालेली, बंगल्यातली, अन् नवरा तिच्यावर हात उचलते. तानाबाई रोज सांगाची अन् रोज चिडाची. "लेखकाले दुसरं सुचतच नाई. बाई रडली का जाहिरात, रडली का जाहिरात." दिवाळीच्या आसपास एक दिवस नवऱ्यानं शरवानीले साऱ्या पाहुण्याइच्या समोर झापड मारली. आमी सगळ्या थांबलो. जयवंता म्हणे, "मंग काय केलं वं तिनं?"

तानाबाईनं हातातला कापूस ओटीत टाकला. मंग म्हणे, "निंघाली. घरातून निंघाली. दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं."

अशी टोळी त्या दिवशी हरकली का विचारू नका! त्याच्या पुढं तं गोष्टीले असा रंग चढला. शरवानीनं वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ खोली केली. कापडाच्या दुकानात कामाले लागली. नवरा गाडी घेऊन दारात आला तं तिनं त्याले खिडकीतून पाणी देलं, पण कडी नाई काढली. जयवंताच्या डोळ्यात पाणी आलं. "पाणी देलं वं माय, पण कडी नाई काढली," असं ते घरी जाईपर्यंत घोकत होती.

आमच्यात काजल नावाची पोरगी होती, कैलासची बायको. माहेर हिंगणीचं. कैलास तिले मारते हे साऱ्या गावाले माहीत, अन् साऱ्या गावाच्या मतानं तो त्याइच्या घरचा प्रश्न. काजल कधी बोलत नव्हती. पण शरवानी निंघाल्यापासून ते तानाबाईच्या बाजूची ओळ धरू लागली, अन् विचाराची, "मावशी, एकट्या बाईले खोली देते काय कोणी?"

"देते. घरमालकाशी नाई बोलाचं, घरमालकिणीशी बोलाचं."

"अन् नवऱ्यानं येऊन तमाशा केला तं?"

"करू दे. शरम त्याले वाटाले पाह्यजे, तिले कायची?"

एक दिवस काजल कामाले आली नाई. मंग समजलं का ते हिंगणीले गेली. बॅग घेऊन, दिवसाढवळ्या, सासूच्या समोरून.

मले काय वाटलं सांगू? मले आनंद झाला. असा आनंद मले माझ्या पोरीच्या लग्नातबी नव्हता झाला.

काजलच्या जागेवर तिची नणंद आकांक्षा येऊ लागली, कॉलेज शिकलेली. पोट्टी वाईट नाई, पण भाऊ तो भाऊ. मोबाईल तिचा सोताचा, एका कानात हमेशा वायर. पयल्याच दिवशी तिनं तानाबाईची गोष्ट ऐकली अन् वायर काढली.

"मावशी, हे कोणती सिरीयल व्हय?"

"आठ वाजताची. शरवानीची."

"पण असं तं काई झालंच नाई. ते घर सोडून गेलीच नाई. झापड मारल्यावर तिनंच माफी मांगतली. आता नवऱ्याच्या वाढदिवसाची तयारी करून राह्यली." अन् मोबाईल पुढं केला. आमी सगळ्या ओळी सोडून त्या काचेवर वाकलो. शरवानी होती, नथ घालून, लाडू वळून राह्यली होती.

तानाबाईनं पाह्यलंबी नाई. म्हणे, "मी त्या झापडीच्या दिवशीच टीव्ही बंद केला. एमए झालेली बाई त्या माकडाचे पाय धरते, हे पाहाचं? माझ्याच्यानं नाई पाहावलं. म्हटलं, आता हिचं काय कराचं ते मीच करते."

मले वाटलं, बाया हसतील. नाई हसल्या. जयवंतानं कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे तू आमच्याकडून मुठी घेतल्या अन् खोटं सांगत होती?"

"अवं, टीव्हीवरचंबी खोटंच असते ना!"

"ते खोटं असलं तं सगळ्याइसाठी एकच असते. तुझं खोटं तुझ्या एकटीचं. मी माझ्या बहिणीले देवळीले फोन करून सांगतलं का शरवानीनं कडी नाई काढली. ते मले काय म्हणन आता?"

हे ऐकून माझं डोकं असं फिरलं! जे बाई त्या कडीसाठी रडली, तेच आता त्या कडीचा हिशोब मांगून राह्यली. जयवंताचा नवरा काई देवमाणूस नाई. पण तिले राग कोणाचा आला, तं तानाबाईचा. माफी मांगणाऱ्या शरवानीचा नाई, तिले माफी मांगाले लावणाऱ्याचा नाई.

आकांक्षानं ते खरी सिरीयल हिंगणीले काजलच्या माहेरच्या मोबाईलवर पाठवली. तेथी काजलच्या मायनं पाह्यली, बापानं पाह्यली. माय म्हणे, "पाह्य, एवढी शिकलेली, बंगल्यातली, तेबी ऐकून घेते. अन् तू कोण लागून गेली?" पोरीले परत पाठवाले त्याइले कारणच पाह्यजे होतं, ते घरबसल्या भेटलं. कैलास मोटरसायकल घेऊन गेला अन् घेऊन आला. गावानं म्हटलं, चला, बरं झालं, संसार वाचला. थू त्या संसारावर.

अन् टोळीनं तानाबाईची मूठ बंद केली. गोष्टच नाई तं मूठ कायची? ते चूपचाप एका कोपऱ्याची ओळ धरे, एकेक बोंड दोन्ही हातानं सोले. संध्याकाळी काट्यावर तिचं गाठोडं चढे तवा माझीच मान खाली जाए. सदाशिवरावच्या शेतावर काम चालू होतं, वजन त्याचा माणूस हेमराज घेत होता. तो एक दिवस मले बाजूले घेऊन म्हणे, "जिजाबाई, ऑटोचं भाडं मालक देते. हे बाई सीट अडवून राह्यली. उद्यापासून नको आणू."

मी त्याले म्हटलं, "तुह्या आजीचे हात दुखत असते तं असाच बोलला असता काय?" तो म्हणे, "माझी आजी वेचाले नाई येत." मी कसेबसे दोन दिवस मांगून घेतले.

ऑटोतून उतरल्यावर मी तानाबाईच्या संगं तिच्या घरापर्यंत गेली. तिले हेमराजचं बोलणं सांगतलं. ते म्हणे, "मंग काय करू? अश्वजितच्या घरी जाऊन बसू? तेथी सोफ्यावर कशी बसू हेबी सून सांगते मले."

मी म्हटलं, "खरी गोष्ट सांग ना वं. जशी दाखवतात तशी. बायाइले तेच पाह्यजे."

"ते गोष्ट नाई, जिजाबाई. तो माल आहे. पोत्यात भरून आणलेला."

"मंग माल सांग. पण घरी बसू नको."

ते घरात गेली. मी रस्त्यावर आली अन् पाठीमागून टीव्हीचा आवाज ऐकू आला. लय दिवसानं.

दुसऱ्या दिवशी काजलबी कामाले आली. दोन्ही हातात भरगच्च नव्या बांगड्या, अन् एका बाजूनं चावत नव्हती, भाकर चहात बुडवून खात होती. कोणी विचारलं नाई. ते येऊन आपल्या जुन्या जागेवर, तानाबाईच्या बाजूच्या ओळीवर उभी राह्यली.

जयवंता म्हणे, "तानाबाई, काल पाह्यलं काय?"

"पाह्यलं."

"मंग सांग ना. पण खरं."

तानाबाईनं माझ्याकडं पाह्यलं. मंग काजलकडं पाह्यलं. अन् सांगाले लागली. वाढदिवस होता. शरवानीनं उपास धरला होता. नवरा उशिरा आला, पण हे जागी होती. त्याच्या पायावर डोकं ठेवलं. नवऱ्यानं उचललं अन् म्हणे, मी तुले माफ केलं. मंग गाणं लागलं. असं सांगताना तानाबाईनं एकबी शिवी नाई घातली. लेखकाले नाई, नवऱ्याले नाई. बाजारभाव वाचून दाखवावा तसं सांगत गेली. अन् बाया? बाया खुश! जयवंता म्हणे, "हे पाह्य, असं सांगाचं ना वं माय. किती छान सांगतलं."

काजलचे हात थांबले होते.

"मावशी," ते म्हणे, "म्हणजे माफ त्यानं तिले केलं?"

"हाव."

"मारलं त्यानं, अन् चूक तिची?"

तानाबाईच्या तोंडात उत्तर होतं. मले दिसत होतं, आम्हा सगळ्याइले दिसत होतं, तिचे ओठ हालले. या बाईले कधी उत्तर शोधावं लागलं नाई. पण ओळीच्या टोकावर हेमराज काटा टांगून उभा होता, अन् बाया आपापल्या ओटीत हात घालून तिच्याकडं पाहत होत्या.

"तसंच दाखवलं माय," तानाबाई म्हणे.

"मंग मीच येडी," काजल म्हणे. "नाई काय, मावशी?"

तानाबाईनं खाली पाह्यलं, एक बोंड धरलं, अन् म्हणे, "हाव."