सूर मारण्याआधी

विहिरीत उडी मारायला मला फुईने शिकवलं. फुई म्हणजे वडिलांची बहीण, पारोळ्याजवळच्या खेड्यात राहते. तिच्या विहिरीत जितकं पाणी उडेल तितकी उडी भारी. पुढे चौदाव्या वर्षी जळगावच्या पोहण्याच्या तलावावर एका प्रशिक्षकांनी मला पाहिलं. म्हणाले, "भीती नाही, हे चांगलं. पण इथे पाणी उडालं की गुण गेले."

पाणी न उडवता सूर मारायला मी दोन वर्षांत शिकले. थांबायला मात्र शिकले नाही. दहा मीटर उंचीवर, कडेला उभं राहून श्वास खाली बसू द्यायचा असतो. सर खालून ओरडायचे, "तीन मोज, मग जा!" मी दोनलाच हवेत असायचे. घरी जेवतानाही माझा गुडघा हलायचा. आई त्यावर हात ठेवायची, हात काढला की पुन्हा सुरू. तरी राज्याची पदकं मिळत गेली, म्हणून कुणी फार बोललं नाही.

बाविसाव्या वर्षी देशाच्या संघासाठी निवड चाचणी झाली. चार उड्या बऱ्या गेल्या. पाचवीला शिट्टी वाजली आणि मला तिथे उभंच राहवेना. गेले. हवेतच कळलं, चुकलं. पाठीवर आपटले. काठावर सरांनी टॉवेल दिला. "काय झालं?"

"खांदा," मी म्हणाले.

खांद्याला काहीच झालं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, आणि सरांपासून गावापर्यंत सगळ्यांनी ते खरं मानलं. मी पुन्हा स्पर्धेत उतरले नाही. जळगावातच मुलींना पोहायला शिकवू लागले.

परवाच्या ऑलिम्पिकची अंतिम फेरी मी फुईकडे पाहिली. जिंकणारी मुलगी सतरा-अठराची असेल. प्रत्येक उडीआधी ती छोट्या फडक्याने हातपाय पुसायची, कडेला यायची आणि नुसती उभी राहायची. तिचं ते उभं राहणं मला बघवेना. मी उठून दारापर्यंत जायचे, परत यायचे.

"बठ ना वं माय! का बरं उठबस करी ऱ्हायनी?" फुई म्हणाली. "खांदा दुखस का?"

"नाही गं. खांदा कधीच दुखला नाही."

मग सगळं सांगितलं. टीव्हीवर पदक देत होते. फुईने आवाज बंद केला.

"मंग मी इतला साल तुन्हा कोनता खांदाले तेल चोळं वं?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. दर दिवाळीला, दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तिच्याकडे आले की ती तेल कोमट करून माझा उजवा खांदा चोळत बसायची. मी डोळे मिटून चोळून घ्यायचे. ती उठून आत गेली, भांडी आपटू लागली. मी मागे जाऊन उभी राहिले. निघायची घाई झाली होती, तरी शेवटची एसटी मी जाऊ दिली.

सकाळी चहा देताना ती म्हणाली, "तुन्हा सरले सांग."

सर आता थकलेत, धुळ्याला मुलाकडे असतात. मी बसस्टँडवर जाऊन जळगावची गाडी सोडली आणि धुळ्याच्या गाडीत बसले.