देव्हाऱ्यातलं कार्ड

आज निरांजन लावताना पुन्हा त्या कार्डावर नजर गेली आणि मन चाळवलं. प्रवास कंपनीचं सवलतीचं कार्ड आहे ते. वर्षभर कुठेही जा, हॉटेल स्वस्तात. आमच्या ह्यांनी हौसेनं विकत आणलं, तेव्हा नवी वस्तू म्हणून मी त्याला हळदकुंकू लावून देवापुढे ठेवलं. तेव्हापासून ते तिथेच आहे. त्यावरच्या निळ्या समुद्रात माझं कुंकवाचं बोट उमटलंय, आणि रोज सकाळी तो समुद्र मला एका जागी बसू देत नाही.

मे महिन्यात आणि दिवाळीत ही सवलत नाही, हे नंतर कळलं. एरवी ह्यांना रजा नाही. "बघू गं, जरा कामं उरकू देत," हे म्हणतात. पूर्वी कुठे जावंसं वाटायचं, तेव्हा नुसतं वाटायचं. आता मुदत संपेल म्हणून वाटतं. माळ्यावरून बॅग काढते, पुसते, परत ठेवते.

काल संध्याकाळी शेजारच्या सुमनताईंनी दारातूनच विचारलं, "घ्यावं का हो असं कार्ड? पैसे वसूल होतात?"

"घ्या की," मी म्हटलं, "फक्त देवापुढे ठेवू नका. तिथे ठेवलेली वस्तू जपली जाते, वापरली जात नाही."

त्या हसल्या. मीही हसले. मग दार लावताना उंबऱ्याकडे लक्ष गेलं. लग्न होऊन आले तेव्हा मलाही इथेच हळदकुंकू लावून आत घेतलं होतं.